मुअल्लिमांची पेटी

शब्द पाठ करायच्या पेटीत पाच कप्पे असतात. पहिला बोटभर रुंद, पाचवा चांगला वीतभर. कार्डाच्या एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात जातं. अर्थ आठवला की कार्ड एक कप्पा पुढे, नाही आठवला की सरळ पहिल्यात, मग ते चौथ्यापर्यंत पोचलेलं का असेना. पाचव्या कप्प्यातही अर्थ बरोबर आला की कार्ड बाहेर काढायचं. तो शब्द आपला झाला. आमच्या तब्रीझमध्ये ज्या घरातलं मूल परदेशी जायच्या खटपटीत असतं, त्या घरात अशी पेटी असतेच, आणि पाहुणे चहाचा पहिला घोट घेऊन विचारतात, "कितव्या कप्प्यात आलीस, सेविल?"

त्या उन्हाळ्यात माझ्या अकराशे कार्डांपैकी सहाशे चाळीस बाहेर पडली होती. तीर महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला शेजारच्या आर्मेनियात, येरेवानला परीक्षा होती. तब्रीझची मुलं परीक्षेला तिकडेच जातात. सकाळची बस धरली की सीमा ओलांडून मुक्कामाला पोचता येतं. परीक्षेचे गुण वेळेत गेले असते तर कॅनडातली एक प्राध्यापक बाई मला तिच्या प्रयोगशाळेत घेणार होती. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. एखाद्या द्रवात काय आहे आणि किती आहे, हे मोजणं हा माझा विषय.

माझी पेटी असायची त्याच फळीवर आणखी एक पेटी होती. ती आगाजानांची.

आगाजान म्हणजे माझे वडील. एकतीस वर्षं त्यांनी मुलांच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. गल्लीत सगळे त्यांना मुअल्लिम, म्हणजे गुरुजी म्हणायचे, माझी आई, मामानसुद्धा. शाळेच्या पुस्तकातलं इंग्रजी 'हे माझ्या काकांचं सफरचंदाचं झाड आहे' याच्या फारसं पुढे जात नसे. पण आगाजानांकडे बारा वह्या होत्या, त्यांत त्यांनी कुठून कुठून वेचलेले कठीण इंग्रजी शब्द बारीक अक्षरात उतरवलेले होते. ते शब्द बोलायला त्यांना आयुष्यात कुणी मिळालं नाही. मुलांना ते येत नसत, इतर मास्तरांना त्यांची गरज नव्हती, आणि इंग्रज माणूस त्यांनी प्रत्यक्ष दोनदाच पाहिला होता, दोन्ही वेळा बाजारात, पाठमोरा.

एस्फंद महिन्यात, नौरोझच्या साफसफाईत मामानबरोबर गालिचा झटकताना ते गच्चीवर खाली बसले ते उठले नाहीत. मेंदूतली रक्तवाहिनी बंद झाली होती. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणंही गेलं. घरातली तुर्की गेली, शाळेतली फारसी गेली. अकराव्या दिवशी दवाखान्यात ते छताकडे बघत स्पष्ट म्हणाले, "मॅग्नॅनिमस."

मामानला वाटलं दुआ म्हणतायत. तिनेही दोन्ही तळहात वर केले. मग मला बाहेरून बोलावलं.

"काय मागतायत ते?"

हे कार्ड माझ्या तिसऱ्या कप्प्यात होतं. मी म्हटलं, "उदार मनाचा."

मामान म्हणाली, "उदार मनाचं काय आणू मी?"

त्यानंतर जे आलं ते सगळं तसंच आलं. लुगुब्रियस. ऑब्ड्युरेट. पर्निशस. बारा वह्यांतले शब्द, एकेक, शुद्ध उच्चारात, आणि त्यापलीकडे काही नाही. वाचा सुधारणाऱ्या डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं की अनेक भाषा येणाऱ्या माणसाची कधी कधी नंतर शिकलेली भाषा मागे उरते. ती कुठल्या कोपऱ्यात जाऊन राहील हे सांगता येत नाही. मी विचारलं, या शब्दांमागे त्यांना काही म्हणायचं असतं का? बाई म्हणाल्या, असेल. किंवा शिंकेसारखंही असेल. त्यांना आपलं बोलणं किती कळतं, तेही अजून ठरवता येत नाही. मला ते उत्तर अपुरं वाटलं. ज्या गोष्टीचं मोजमाप होऊ शकतं तिच्याबद्दल 'असेल' म्हणून थांबणं मला पटत नाही.

घरी आणल्यावर एका दुपारी ते पुन्हा मॅग्नॅनिमस म्हणाले. मामानला काही सुचेना, तिने आपला चहा आणला, दातांत धरायचा साखरेचा खडा वेगळा. त्यांनी डाव्या हाताने पेला घेतला, चहा संपवला आणि तोच हात छातीवर ठेवून मान किंचित झुकवली. पूर्वी हे ते उजव्या हाताने करायचे. आभार मानायची आमच्याकडची रीत. मामानच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चहा," ती म्हणाली. "मॅग्नॅनिमस म्हणजे चहा. लिही कुठेतरी, नाहीतर मी विसरेन."

कुठे लिहायचं, तर माझ्यासमोर कोरी कार्डं पडलेली होती. एका बाजूला तो शब्द फारसी लिपीत, कारण मामान पाचवीपर्यंत शिकलेली. दुसऱ्या बाजूला चहा. ते कार्ड मी एका जास्तीच्या, रिकाम्या पेटीच्या पहिल्या कप्प्यात ठेवलं.

नियमही तेच ठरवले. ते शब्द बोलले की मामानने कार्डावरची वस्तू न्यायची. त्यांनी हात छातीवर ठेवला तर अर्थ बरोबर, कार्ड पुढे. नाही ठेवला तर कार्ड पहिल्या कप्प्यात परत आणि अर्थ खोडायचा. ऑब्ड्युरेट म्हणजे खिडकी उघडा. लुगुब्रियस म्हणजे पाठीमागे उशी. पर्निशस म्हणजे चष्मा. माझ्या पेटीत पर्निशसचा अर्थ घातक असा होता, आणि परीक्षेत मला तोच लिहायचा होता, तरी अलीकडे तो शब्द वाचला की आधी चष्मा दिसायचा.

मामान भाजी निवडता निवडता पाठ करायची. पुदिना एकीकडे, तर्रा म्हणजे कांद्यासारखी पात एकीकडे, आणि तोंडाने "ऑब्ड्युरेट खिडकी, ऑब्ड्युरेट खिडकी." शेजारच्या सुरय्या खानूम रोज डोकावून जायच्या. त्यांना हे फार गमतीचं वाटायचं.

"अगं फिरूझे, मुअल्लिमांनी एकतीस वर्षं शिकवलं, माझ्या तिन्ही पोरांपैकी एकाला इंग्रजी आलं नाही. आणि तू घरबसल्या विलायती मडम झालीस."

"तुमची पोरं खिडकीतून पळून जायची," मामान म्हणाली. "मी कुठे जाणार?"

हसत हसत म्हणाली, पण त्यातलं मला लागलं. मी तिला आधीच सांगून टाकलं होतं की यंदा मी परीक्षेला बसत नाही. आगाजानांचे शब्द निदान ओळखणारी घरात मी एकटी. मी गेले तर त्यांच्याशी बोलणार कोण.  दुसऱ्या पेटीत वीस कार्डं झाली तेव्हा मामानने विषय काढला. ती म्हणाली, आपण ठरवू या. चाळीस कार्डं करू. चाळीसच्या चाळीस पाचव्या कप्प्यात पोचली की तू मोकळी. परीक्षा दे, शरदात विमानात बस. आम्ही दोघं बोलू आमचं आमचं. मी हो म्हटलं, कारण अट साफ होती आणि ती पुरी होईल असं मला वाटलं नव्हतं.

ती खोरदाद महिनाअखेरच, परीक्षेच्या जवळजवळ महिनाभर आधी, पुरी झाली. चाळीसपैकी एकही कार्ड मागे आलं नाही. माझ्या स्वतःच्या पेटीत तेवढ्या दिवसांत एकशे सहा कार्डं पहिल्या कप्प्यात परत आली होती. मी त्या फरकाकडे तेव्हाच नीट बघायला हवं होतं. एकही चूक नसलेली आकडेवारी हातात आली की प्रयोगशाळेत आम्ही खूश होत नाही, उपकरण तपासतो. पण मी खूश झाले. मामानने त्या दिवशी कूफ्ते, खिम्याचे मोठाले गोळे, केले आणि सुरय्या खानूमना मुद्दाम वाटीभर नेऊन दिले.

परीक्षेला पाच दिवस राहिले असताना एका दुपारी मी आगाजानांजवळ बसून शेवटची उजळणी करत होते. मामान बाजारात गेली होती. उकाडा एवढा की गालिच्यावर पाय टेकवत नव्हता. आगाजान म्हणाले, "ऑब्ड्युरेट." मी डोकं वर न करता, हातातल्या कार्डावर नजर ठेवूनच उठले आणि कोनाड्यातलं लोकरी पांघरूण त्यांच्या गुडघ्यांवर टाकलं. का, ते आता सांगता येत नाही. लक्ष नव्हतं, एवढंच.

दहा मिनिटांनी बघितलं तर त्यांच्या कपाळावरून घाम गळ्यापर्यंत वाहत होता. पांघरूण तसंच, नीट सारखं केलेलं. मी बघतेय हे दिसल्यावर त्यांनी डावा हात छातीवर ठेवला आणि मान झुकवली.

मी पांघरूण काढलं, खिडकी उघडली, त्यांचं तोंड पुसलं. पुन्हा हात छातीवर.

आमच्या घरात एक जुनी गोष्ट आहे. माझ्या जन्माआधी चौकातल्या न्हाव्याने चुकून आगाजानांची अर्धी मिशी उडवली. आगाजानांनी आरशात पाहिलं, आभार मानत म्हणाले, "आपल्या हातांना कष्ट पडले," आणि उरलेली अर्धीही काढून घेतली. पुढे वीस वर्षं ते त्याच न्हाव्याकडे गेले, नाहीतर त्याला वाईट वाटलं असतं. दुसऱ्याच्या घरी करपलेला भात त्यांनी दोनदा मागून खाल्लेला आहे. दारातून आधी तुम्ही जा, तुम्ही जा, करता करता ते एकदा बारशाला अर्धा तास उशिरा पोचले. आलेली गोष्ट परत करायची नाही, देणाऱ्याला अवघडवायचं नाही, हे त्यांना कुणी भाषेतून शिकवलेलं नव्हतं. त्यामुळे ते भाषेबरोबर गेलंही नव्हतं.

रसायनशास्त्रात पहिल्या वर्षी शिकवतात की कोणतंही मोजमाप घेण्याआधी उपकरणात कोरा नमुना घालून बघायचा. ज्यात काहीच मिसळलेलं नाही असं शुद्ध पाणी. त्यालाही उपकरणाने तोच आकडा दाखवला तर आधीचे सगळे आकडे फेकून द्यायचे. मी चार महिन्यांत कोरा नमुना घातला नव्हता.

पुढचे दोन दिवस मी तो घातला. मामान घरात नसताना, दहा वेळा. चष्म्याच्या शब्दाला मी बूट चढवायची पट्टी नेऊन दिली. उशीच्या शब्दाला कात्री. पाण्याच्या शब्दाला भिंतीवरचं कॅलेंडर. वहीत तारीख, वेळ, शब्द, दिलेली वस्तू, प्रतिसाद असे रकाने आखले होते. त्यांनी प्रत्येक वस्तू डाव्या हाताने घेतली, क्षणभर पाहिली, मांडीवर ठेवली, मग हात छातीवर. दहाव्या वेळी ते मॅग्नॅनिमस म्हणाले तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचा रिकामा पेला बशीत ठेवला आणि आणून दिला. त्यांनी तो ओठांना लावला. थोडा वेळ तसाच धरला. मग पेला बशीत ठेवून मान झुकवली.

मी वहीत 'होकार' लिहिलं. हा प्रयोग करायला नको होता असं मला वाटलं. आणि तो चार महिने आधी करायला हवा होता, असंही.

पेटीतल्या चाळीस कार्डांपैकी काही अर्थ खरेही असतील. एखाद्या मॅग्नॅनिमसला त्यांना खरंच चहा हवा असेल. कोणत्या, ते कळायला मार्ग नव्हता. त्यांना तहान लागली आहे की पाय दुखतोय, की ते नुसते शिंकल्यासारखे एक शब्द सोडतायत, यातलं आम्हाला चार महिने काहीही कळलेलं नव्हतं. आम्ही आम्हाला वाटेल ते आणून देत होतो आणि ते घेत होते.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी मामानला सांगायला बसले. ती ओट्यावर आलुबालूच्या, म्हणजे आंबट चेरीच्या, बिया काढत होती, बोटं लाल झालेली. मी वही पुढे केली. मी काय केलं ते क्रमाने सांगितलं. बुटाची पट्टी, कात्री, कॅलेंडर. रिकाम्या पेल्याचं मात्र सांगितलं नाही, तिथे नुसतं 'चुकीची वस्तू' म्हटलं.

"मग?" ती म्हणाली. "किती आले?"

"दहापैकी दहा."

तिचा चेहरा उजळला. एकोणतीस वर्षं तिने मास्तराच्या घरात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उचलून ठेवले होते. "दहापैकी दहा? आणि तू अशी तोंड पाडून का बसलीस?"

"मामान, दहाही वेळा मी चुकीची वस्तू दिली. त्यांनी एकदा तरी नाकारायला हवं होतं."

"नाकारतील कसे? तू दिलीस ना."

"तेच तर. ते कुणालाच नाकारत नाहीत. तू चहा दिलास तरी हात छातीवर, मी कात्री दिली तरी हात छातीवर. मग चहाच हवा होता हे कशावरून?"

ती बी काढता काढता थांबली. मला वाटलं, पोचलं. तिने माझ्याकडे, मग वहीकडे पाहिलं. मग वही कोपराने हलकेच बाजूला सारली, डाग पडू नये म्हणून.

"कात्री बिचाऱ्यांनी तुझं मन राखायला घेतली," ती म्हणाली. "चहा त्यांना हवा असतो. पितात तेव्हा मला दिसतं ना. तुला वह्यांतलं कळतं, बाळा, मला माणूस कळतो. एकोणतीस वर्षं झाली."

मी रिकाम्या पेल्याबद्दल सांगण्यासाठी तोंड उघडलं. तिची लाल बोटं पुन्हा चालू लागली होती, आणि ती पुटपुटत होती, "लुगुब्रियस उशी, पर्निशस चष्मा." एकदाही चुकली नाही. तिला चाळीसही येत होते. मी वही मिटली. आणखी एक आकडा मांडून काही होणार नव्हतं; तो पेला सांगितला असता तर तिच्या हातून रोजचा चहासुद्धा गेला असता, आणि त्याच्या जागी ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं. न जावं म्हटलं, तर घरी बसून मी तरी त्यांचं काय ओळखणार होते? मला शब्दकोशातले अर्थ येत होते. ते त्यांना नको होते.

दुसऱ्या दिवशी दहाची बस होती. सुरय्या खानूमच्या थोरल्या मुलाने आम्हाला गाडीतून स्थानकावर सोडलं. आगाजानांना यायचंय असं मामानचं म्हणणं होतं; सकाळी ते कुठलासा शब्द बोलले आणि तिने त्यांना कोट दाखवला तर त्यांनी हात छातीवर ठेवला होता. ऐन उन्हाळ्यात ते कोट घालून बाकावर बसले होते. मी कोट काढायला लागले तर मामान म्हणाली, राहू दे, त्यांनी मागितलाय. तिने पेटीही पिशवीत घालून आणली होती. बाकावर दोघांच्या मध्ये ती ठेवली.

बसवाला सामान खाली सरकवत होता. मी आगाजानांसमोर उकिडवी बसले, त्यांचा डावा हात हातात घेतला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "सॉल्युब्रियस."

मामानने लगेच पेटी उघडली. पाचव्या कप्प्यातली कार्डं बोटाने भराभर चाळली, मग चौथ्या कप्प्यात बघितलं, तो रिकामाच होता.

"हा नवीन आहे," ती म्हणाली. "सेविल, काय म्हणाले?"

मला तो येत होता. आरोग्याला चांगला, हवापाण्याबद्दल वापरतात. गेल्याच आठवड्यात माझ्या पेटीतून ते कार्ड बाहेर पडलं होतं. येरेवानमध्ये तो शब्द आला असता तर मी गुण मिळवले असते. मी आगाजानांच्या डोळ्यांत शोधत राहिले. डोळे ओले होते. पण त्या आजारापासून त्यांचे डोळे नेहमीच ओले असतात.

"माहीत नाही, मामान," मी म्हटलं.

तिने मग पिशवीतून वाटेसाठी आणलेली काकडी काढली, सोलून मधोमध मोडली, मीठ लावलं आणि अर्धी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मांडीवर ठेवली, हात छातीवर नेला, मान झुकवली, मग काकडी उचलून खायला सुरुवात केली.

"बघ," मामान म्हणाली. "काकडी."

तिने पेटीच्या मागून एक कोरं कार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. मी गुडघ्यावर ठेवून लिहिलं. एका बाजूला सॉल्युब्रियस, दुसऱ्या बाजूला काकडी. तिने ते पहिल्या कप्प्यात उभं केलं आणि पेटी बंद केली.

"आता निवांत जा," ती म्हणाली, आणि उरलेली अर्धी काकडी मला दिली.

मी एक तुकडा तोडला. काकडी कडू होती, देठापासून शेवटापर्यंत कडूजहर. आगाजान त्यांची अर्धी हळूहळू, शेवटच्या तुकड्यापर्यंत खात होते. कोटाच्या कॉलरखाली घाम आला होता.

"चांगली आहे ना?" मामानने विचारलं.

मी हात छातीवर ठेवला.